लाईट गेली की पाइप का फुटतो?

पलूस तालुक्यातल्या एका शेतकरी बंधूंचा प्रश्न आहे. सहा जणांनी मिळून कृष्णेवरून पाण्याची स्कीम केली आहे. जॅकवेलपासून (नदीकाठची पंपाची विहीर) वरच्या शेतापर्यंत १८०० मीटर लाइन, चढ ३८ मीटर, १६० मिलिमीटरचा सहा केजीचा (चौरस सेंटिमीटरला सहा किलो दाब सोसणारा) पीव्हीसी पाइप, २० एचपीची मोटर. साधारण ११०० मीटरवर एक टेकाड लागतं, ते ओलांडून लाइन थोडी खाली उतरते आणि मग पुन्हा चढते. पहिली तीन वर्षं बरी गेली. आता दर पंधरा दिवसांनी कुठेतरी फुटतं, आणि बहुतेक वेळा जॅकवेलपासून पहिल्या तीनशे-चारशे मीटरमध्ये, नाहीतर ओढ्याखालच्या बेंडला. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, दोनदा बदलून झाली. कुणी म्हणतं सगळी लाइन दहा केजीची करा, कुणी म्हणतं पंपावर सेफ्टी व्हॉल्व्ह लावा, म्हणजे दाब वाढला की तो पाणी बाहेर सोडेल. काय करावं?

आधी उत्तर देतो, कारणं मग. सगळी लाइन बदलू नका. टेकाडावर हवेची सोय करा, एनआरव्ही स्प्रिंगची घ्या, स्टार्टरला टायमर लावा, वरचे वाल बंद करायची पद्धत बदला आणि फक्त खालचा चारशे मीटरचा तुकडा दहा केजीचा करा. सेफ्टी व्हॉल्व्ह जरूर बसवा, पण या सगळ्यानंतर, आणि पंपाला चिकटून नको. सव्वीस वर्षं पंप आणि लाइनी बसवतोय. जादा दाब नेमका कुठून उठतो हे न बघता मधेच व्हॉल्व्ह लावून ठेवलेल्या किती स्कीमा मी उघडून पाहिल्या असतील, त्याची मोजदाद नाही.

तुमचा हिशोब मांडून बघू. दहा मीटर उंच पाण्याचा दाब म्हणजे ढोबळमानानं एक केजी. मीटरमध्ये मोजलेल्या या दाबाला हेड म्हणतात. तुमच्या हेडवर २० एचपीचा पंप सेकंदाला १८ लिटरच्या आसपास पाणी देतो. सहा केजीच्या १६० मिलिमीटर पाइपाचं आतलं तोंड १४९ मिलिमीटर भरतं, म्हणजे पाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरच्या किंचित वर. एवढ्या वेगाला १८०० मीटरमध्ये घासणीत १२ मीटर हेड जातं. चढ ३८, घासणी १२, एकूण ५०. पंप चालू असताना जॅकवेलवर पाच केजी, पाइप सहा केजीचा. ज्यानं पाइप दिला त्यानं हाच हिशोब केला असणार, आणि चालू पंपापुरता तो बरोबरच आहे.

थांबण्याचा हिशोब मात्र कुणी केला नाही. त्या पाइपात एका वेळी ३१ हजार लिटर पाणी असतं. ३१ टन, म्हणजे उसानं भरलेल्या दोन ट्रकांएवढं वजन सेकंदाला मीटरभर वेगानं पुढे चाललेलं असतं. लाईट गेली की पंपाचा इंपेलर एक-दोन सेकंदांत मंदावतो, त्याला वजन कितीसं असणार. पाणी तसं थांबत नाही. पुढचं पाणी पुढे ओढत राहतं आणि मागून येणारं बंद होतं. त्यामुळे पहिल्यांदा दाब वाढत नाही, तो कोसळतो. दणका नंतर येतो, पाणी परत फिरल्यावर.

हा दणका किती, हे निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९७-९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपांवर प्रयोग करून दाखवलं. त्याचं सूत्र शेतावर उभं राहून तोंडी करता येतं: वेगात जेवढा फरक पडला त्याला दाबाच्या लाटेच्या वेगानं गुणायचं आणि ९.८१ नं भागायचं, येईल तेवढे मीटर हेड उसळतं किंवा कोसळतं. लाटेचा वेग पाइप कशाचा आहे आणि किती जाड आहे यावर अवलंबून असतो. लोखंडी पाइपात तो सेकंदाला १००० ते १२०० मीटर, पीव्हीसीत ३०० ते ४००, कारण प्लास्टिक थोडं फुगतं आणि लाटेला सावकाश करतं. तुमच्या पाइपात तो ३२० च्या आसपास येतो. ३२० गुणिले १.०३ भागिले ९.८१, म्हणजे ३३-३४ मीटर. जवळजवळ साडेतीन केजी.

आता टेकाडावर या. पंप चालू असताना तिथे पाइपाच्या वर आठ-नऊ मीटरचं हेड असतं, पाऊण-एक केजी दाब. लाईट गेल्यावर तिथे ३४ मीटर हेड कोसळायला बघतं. एवढं तिथे नाहीच. दाब शून्याखाली जातो, आणि पाण्याला दहा मीटरच्या खाली ओढताच येत नाही, ते तुटतं. टेकाडावर पाइपात वाफेची आणि सुटलेल्या हवेची पोकळी तयार होते, पाण्याचे दोन तुकडे होतात. वरचा तुकडा पाच-सहा सेकंद पुढे सरकून थांबतो, मागे वळतो, आणि पोकळी मिटवत खालच्या तुकड्यावर येऊन आदळतो. तुम्हाला जो आवाज ओढ्यापर्यंत ऐकू येतो तो हा.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एनआरव्हीच्या पुढे, लाइनीच्या बाजूला एक ग्लिसरीन भरलेला प्रेशर गेज लावा, ० ते १६ केजीचा. मी अशा जॅकवेलवर कितीदा तरी नुसता गेजसमोर बसून राहिलोय. पाच केजीवर काटा बारीक थरथरत असतो. लाईट जाते, मोटरचा आवाज उतरतो आणि काटा सरसर खाली येतो, दोनच्या खाली. मग एक शांतता. मनात आकडे मोजायचे. पाच, सहा, सात. कुठेतरी दहा-बाराच्या आत एनआरव्हीची झडप खाडकन बसते, पायाखालचा स्लॅब हलतो आणि काटा एकदम सात, कधी आठच्या पुढे जाऊन परत येतो. पुन्हा खाली, पुन्हा वर, पाच-सहा हेलकावे. साधा गेज अशा दणक्यांत महिन्याभरात खराब होतो, म्हणून ग्लिसरीनचाच घ्या आणि त्याच्या आधी छोटा कॉक ठेवा.

सात-आठ केजीनं नवा पाइप लगेच फुटत नाही. पीव्हीसीला कमी वेळाचा जास्त दाब बराच सोसतो. पण दिवसाला तीनदा लाईट जाते असं धरलं तर वर्षाला हजाराच्या घरात दणके झाले. प्लास्टिक थकतं. चिकटवलेला सांधा, चरात खाली राहिलेला दगड, उन्हात उघडा पडून कडक झालेला तुकडा, जिथे जरा कच्चं असेल तिथून चीर सुरू होते. तुमची पहिली तीन वर्षं बरी का गेली आणि आता दर पंधरा दिवसांनी का फुटतंय, त्याचं उत्तर यात आहे. आणि एक लक्षात घ्या: आयएस ४९८५ या भारतीय मानकाच्या पीव्हीसी पाइपावर छापलेला सहा केजी हा २७ अंश तापमानाचा आकडा आहे. उघड्यावर तापलेल्या पाइपाला तेवढा दाब धरवत नाही.

इथपर्यंत लाईटचा दोष झाला. पण तुमच्या वर्णनात मला दुसरी शंका जास्त येते. लाइन वर सहा जणांच्या वालांवर संपते, मधे कुंडी नाही. तिथे ठिबकवाल्यांनी बॉल व्हॉल्व्ह बसवलेत, दांडी पाव फेरा फिरवली की बंद. पाटकरी एकाचं पाणी तोडून दुसऱ्याला देताना आधी पहिला वाल बंद करतो, मग चालत जाऊन दुसरा उघडतो. मधल्या एक-दोन मिनिटांत काय होतं ते बघा. वर चालतं पाणी दोन सेकंदांत अडलं. ३४ मीटरची लाट उलटी खाली निघाली. पंप चालूच आहे, तिथे आधीच ५० मीटर आहे. जॅकवेलवर झाले ८४ मीटर, साडेआठ केजीच्या जवळ. लाईट जाण्यापेक्षा हा दणका मोठा आहे. तो उठतो वरच्या शेतात आणि पाइप फोडतो खाली, कारण सगळ्यात जास्त दाब सगळ्यात खोल जागी असतो. माणसं खड्डा खणून खालच्या पाइपाला नावं ठेवतात, वरच्या वालापाशी काय झालं ते कुणाच्या मनातही येत नाही. पुढच्या वेळी फुटलं की वेळ लिहून ठेवा आणि पाटकऱ्याला, रागावून नव्हे, नीट विचारा की त्या वेळी पाणी कुणाचं कुणाला देत होतास.

किती सावकाश बंद करायचं त्यालाही हिशोब आहे. लाट वरून खाली जाऊन परत वर यायला ३६०० मीटर धावते, ३२० च्या वेगानं ११ सेकंद. वाल ११ सेकंदांच्या आत बंद झाला तर पूर्ण दणका बसतो, मग तो एका सेकंदात करा की दहा. त्याच्या चौपट-पाचपट वेळ घेतला तर दणका बराच ओसरतो. चाकाचा स्लूस व्हॉल्व्ह असेल तर शेवटचे चार-पाच फेरे सगळ्यात हळू घ्या, कारण पाणी खरं अडतं ते शेवटच्या फेऱ्यांतच. पहिले अर्धे फेरे फिरवूनसुद्धा पाणी फारसं कमी होत नाही. आणि नेहमीचा नियम: पुढचा वाल पूर्ण उघडल्याशिवाय मागचा हातात घ्यायचा नाही. जमलं तर वर एक उघडी कुंडी बांधा आणि सहा जणांच्या लाइनी कुंडीतून काढा. मग कुणी काहीही बंद केलं तरी कुंडी वाहेल, पाइपाला काही कळणार नाही. ठिबकला दाब लागतो म्हणून लोक कुंडी टाळतात; ज्यांचं शेत कुंडीच्या लगत आणि उंच आहे त्यांना छोटा बूस्टर लागेल, हे खरं आहे. तो खर्च सहा जणांत बोलून ठरवा.

सगळी लाइन दहा केजीची करायचा सल्ला मला का पटत नाही, ते सांगतो. दहा केजीचा पाइप जाड असतो, त्याचं आतलं तोंड १४२ मिलिमीटरवर येतं. तेवढंच पाणी न्यायचं तर वेग वाढतो, घासणी १२ वरून १५ मीटरवर जाते, म्हणजे खरं तर पाणीच थोडं कमी मिळतं. शिवाय जाड पाइप कमी फुगतो, लाटेचा वेग ४०० च्या आसपास जातो. दणका ३४ चा ४६ मीटर होतो. पाइप तो सोसेल, पण एनआरव्ही, पंपाचं केसिंग, फ्लॅंज आणि बेंड आहेत तेच राहतात आणि त्यांना आता जास्त मार बसतो. आणि दीडपटीहून जास्त वजनाचे पैसे मोजायचे ते वेगळेच. खालचे चारशे मीटर मात्र बदला. तिथून पुढे चढामुळे दाब आपोआप उतरतो. चारशे मीटरवर पाइप १२ मीटर चढलेला असेल तर सव्वा केजी कमीच झाला. शिवाय त्या खालच्या तुकड्यानं तीन वर्षांचे सगळे दणके खाल्लेत, त्याचा भरवसा आता धरू नये.

एनआरव्ही दोनदा बदलली म्हणता, पण बदलून तीच झडपेची आणली असणार. झडपेच्या एनआरव्हीला मिटायला पाणी उलटं वाहावं लागतं. पाणी थांबतं, वळतं, मागे वेग धरतं आणि मग झडपेला घेऊन बसतं. ०.८ मीटर वेगाचं उलटं पाणी झडपेनं एकदम अडवलं की २६ मीटरचा दणका तिथल्या तिथे. स्प्रिंगची एनआरव्ही पाणी पुढचं थांबता-थांबताच मिटते, उलट्या वेगाला वावच देत नाही. पाणी चढवणाऱ्या मोठ्या मुख्य लाइनीवर (रायझिंग मेन) झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह लावतात तो याच विचाराचा मोठा भाऊ. स्प्रिंगच्या एनआरव्हीत घासणी थोडी जास्त जाते, ते मान्य करून घ्यावं लागतं. नदीच्या गाळानं स्प्रिंग अडकते, म्हणून पावसाळा संपला की उघडून साफ करा.

टेकाडावरची हवा हा या सगळ्याचा गाभा आहे. तिथे पोकळीच्या जागी बाहेरची हवा आत आली तर दाब शून्याच्या फार खाली जात नाही, पाणी मागे खेचलं जात नाही, वरचा तुकडा सावकाश थांबतो. त्यासाठी मोठ्या तोंडाचा एअर व्हॉल्व्ह लागतो. बहुतेक ठिकाणी एक इंची छोटा एअर वाल दिसतो, चालू लाइनीत साठलेली हवा बाहेर सोडायला तो ठीक आहे, पण लाईट गेल्यावर भसकन हवा आत घ्यायला तो अपुरा पडतो. उलट मोठा एअर व्हॉल्व्ह हवा बाहेरही तेवढ्याच झपाट्यानं सोडतो, आणि शेवटची हवा गेली की पाण्याचे दोन तुकडे आपटतात ते आपटतातच. म्हणून घेताना हवा आत पटकन आणि बाहेर सावकाश सोडणारा घ्या. दुकानात असं विचारलं की कळतं.

याहून साधा आणि मला मनापासून आवडणारा उपाय आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं केला आहे: टेकाडावर टी काढून एक उभा पाइप, वरून उघडा, शेजारच्या झाडाला नाहीतर लोखंडी खांबाला बांधलेला. त्यात हलणारा एकही भाग नाही, अडकायला काही नाही. दाब पडला की त्यातलं पाणी खाली उतरतं, मागून हवा येते. दाब चढला की पाणी त्यातून वर चढतं आणि फारच झालं तर वरून सांडतं. तुमच्या टेकाडावर चालू पंपाला पाणी आठ-नऊ मीटर उभं राहील, म्हणून पाइप साडेदहा-अकरा मीटर तरी हवा, जीआयचा, तीन इंचापेक्षा बारीक नको, आणि ताण तारांनी चारी बाजूंनी धरलेला. वर दोन बेंड लावून तोंड खाली करा, पक्षी आणि कचरा जात नाही. कोयनेच्या वीजघराआधी डोंगरात जी सर्जवेल आहे तिचं काम मुळात हेच आहे: पाणी अचानक अडलं तर त्याला वर चढायला उघडी जागा देणं.

मग ऑटो स्टार्टर. रात्री-अपरात्री जॅकवेलवर जायला नको म्हणून सगळ्यांनी ऑटो लावलेत, आणि त्यात चूक काही नाही, अंधारात नदीकाठी जाणं किती जोखमीचं असतं ते मला माहीत आहे. पण लाईट जाऊन पाच-दहा सेकंदांत परत आली की ऑटो लगेच मोटर ओढतो. त्या वेळी लाइनीत पाणी मागे येत असतं. परत येणाऱ्या पाण्यावर पंप पुढून ढकलतो, आणि एनआरव्ही गळकी असेल तर पंप उलटा फिरत असतानाच त्याला सुलटा झटका बसतो. शाफ्ट पिळून तुटलेला मी हातात घेऊन पाहिलाय, दोरीसारखा वळ पडलेला होता. ऑटोला ऑन-डिले टायमर असतो. तो तीन ते पाच मिनिटांवर ठेवा. तेवढ्यात लाइन पूर्ण शांत होते. एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे पंप एकदम सुरू होऊन व्होल्टेज पडतं, तेही कमी होईल, जर शेजाऱ्यांनी आपापला टायमर वेगवेगळा ठेवला तर.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. जिथे दाब उठतो तिथे तो हवा. तुमचा दणका लाइनीत उठतो आणि एनआरव्ही मिटल्यावर पंपाची बाजू त्याच्यापासून तुटलेली असते. पंप आणि एनआरव्हीच्या मधे लावलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हला तो दिसतसुद्धा नाही. एनआरव्हीच्या पुढे, लाइनीच्या बाजूला टी काढून लावा. त्याच्या आधी कॉक नको. दुरुस्तीसाठी ठेवलाच तर उघडा ठेवून दांडी काढून घ्या. अर्धा इंची व्हॉल्व्ह पूर्ण उघडला तरी या दाबाला सेकंदाला तीन लिटरही सोडत नाही, तुमच्याकडे १८ लिटर चालतंय. दोन-अडीच इंची घ्या. सेटिंग साडेसहा केजीवर. सुटणारं पाणी पाइपानं जॅकवेलच्या बाहेर नदीकडे न्या. स्टार्टरच्या पेटीकडे किंवा माणूस उभा राहतो तिकडे तोंड नको. महिन्यातून एकदा दांडी उचलून पाणी सोडून बघा.

इथे थोडं बाजूला जातो, कारण ज्यांच्याकडे द्राक्षबाग आहे त्यांना याची गरज पडेल. तुमच्या नदीवरच्या पंपाला वाल बंद केला तर तो एका हद्दीपर्यंतच दाब वाढवतो. पाणी अजिबात वाहत नसताना त्याचं जे हेड असतं, त्याच्या वर तो जाऊ शकत नाही. फवारणीचा एचटीपी पंप तसा नाही. त्यात पिस्टन आहेत, प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं पाणी तो ढकलणारच. पुढे जागा नसेल तर दाब वाढत जातो, होज, सील, पाइप किंवा बेल्ट यातलं काहीतरी सुटेपर्यंत. म्हणून त्याच्यावर रेग्युलेटर आणि टाकीकडे परत जाणारी बायपास नळी असते. ती नळी चिमटली किंवा दुमडली तर रेग्युलेटर असून नसल्यासारखा. गियर पंप आणि स्क्रू पंपाचंही तेच.

एका साखर कारखान्यात मोलॅसिसच्या गियर पंपावर मी हे अगदी जवळून पाहिलं. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब-थेंब गळत होता. पाळीवरच्या एका चांगल्या, मेहनती फिटरनं गळती थांबावी म्हणून त्याचा स्क्रू शेवटपर्यंत आवळला. गळती थांबली. आठवड्याभरानं टाकी बदलताना पुढचा वाल बंद असताना पंप सुरू झाला आणि फ्लॅंजची पॅकिंग उडाली. गरम मोलॅसिसचा फवारा पलीकडच्या भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या उंचीला लागला होता. त्या जागी त्या वेळी कुणी उभं नव्हतं, एवढंच. गळणारा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे सीटवर कचरा बसलाय किंवा स्प्रिंग दमलीय. तो काढून साफ करायचा किंवा बदलायचा असतो. सेटिंग झालं की लॉकनट आवळून तारेचं सील मारा आणि शेजारी रंगानं आकडा लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला कळेल की याला हात लावायचा नाही. अशा पंपाचा सुटलेला माल टाकीत परत न्यावा. पंपाच्याच सक्शनला जोडला तर तोच तो माल फिरून तापत राहतो.

नदीवरच्या पंपालाही बंद वालावर चालवू नका, दाब हद्दीत असला तरी. पाणी पुढे जात नाही, पण मोटरची ताकद कुठेतरी जाणारच. सात-आठ किलोवॅट केसिंगमधल्या पंधरा लिटर पाण्यात गेले तर पाणी मिनिटाला सात-आठ अंशांनी तापतं. दहा मिनिटांत ते उकळायच्या बेताला येतं, मेकॅनिकल सील जातं, आणि जवळचा पीव्हीसीचा तुकडा मऊ पडतो. लोकांना वाटतं ओव्हरलोड रिले वाचवेल. इथे तो काहीच करत नाही, कारण या पंपाचे अँपिअर बंद वालावर वाढत नाहीत, उतरतात. त्यासाठी कमी अँपिअरवर ट्रिप होणारा रिले लागतो. पाणी संपून कोरडा चालला तरी अँपिअर उतरतातच, तेव्हा एकाच रिलेत दोन्ही कामं होतात. तुमचा पंप कामावर ५० मीटर देत असला तरी शून्य पाण्याला तो ६०-६५ पर्यंत जाऊ शकतो. पंपाच्या कागदावर बघून घ्या. तो आकडा सहा केजीच्या पाइपाच्या वर आहे.

ओढ्याखालच्या बेंडला दर वेळी का फुटतं, ते वेगळं आहे. काटकोनी बेंडवर दाब बाहेरच्या बाजूला ढकलतो. १६० मिलिमीटरला सव्वासात केजीचा दणका बसला की ते ढकलणं दोन टनांवर जातं. ओल्या गाळात नुसता पुरलेला बेंड दर दणक्याला केसभर सरकतो आणि एक दिवस सांधा निसटतो. तिथे कितीही सोल्युशन लावा, टिकणार नाही. बेंडच्या बाहेरच्या अंगाला, न खणलेल्या कडक मातीला टेकवून काँक्रीटचा ठोकळा घाला. जमिनीला टेकलेला नसेल तर तो ठोकळा नुसतं वजन आहे. काटकोनाऐवजी दोन ४५ अंशांचे बेंड घेतले तर एकेकावरचा जोर बराच कमी होतो. पाइप आणि काँक्रीटच्या मधे जाड प्लास्टिकचा किंवा रबराचा थर ठेवा, नाहीतर काँक्रीटची कडच पाइप कापते.

कामं झाल्यावर पहिल्यांदा लाइन भरताना घाई करू नका. रिकाम्या पाइपात पंप पूर्ण सोडला तर पुढची हवा दाबली जाते आणि पाणी टेकाडाच्या पलीकडे धावत जाऊन आपटतं. नवीन सांध्याला पहिल्याच दिवशी मार बसतो. डिलिव्हरीचा वाल पाव उघडा, सेकंदाला पाच लिटरच्या आसपास पाणी जाऊ द्या. ३१ हजार लिटर भरायला पावणेदोन तास लागतील. एक माणूस टेकाडावर उभ्या पाइपापाशी ठेवा, एक वरच्या शेवटच्या वालापाशी, तो वाल पूर्ण उघडा. उभ्या पाइपातून आधी हवेचा फूत्कार येईल, मग थुंकत-थुंकत पाणी चढेल. उभ्या पाइपातून हवा यायची थांबल्याचा आणि वरच्या वालातून बिनहवेचं सलग पाणी यायला लागल्याचा दोघांचा फोन आला, की मग जॅकवेलवरचा वाल हळूहळू पूर्ण उघडा आणि गेजवर किती केजी येतात ते भिंतीवर खडूनं लिहून ठेवा. एनआरव्ही गळत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पंप बंद असताना काटा ३.८ च्या आसपासच दिसला पाहिजे. तो खाली उतरलेला असेल तर लाइन रात्रीत रिकामी होतेय, आणि रोज सकाळी हीच भरायची वेळ येणार, म्हणून आधी ती गळती शोधा.